नव्या हिरवळीची निगा

नव्याने बसवलेली हिरवळ पहिल्याच दिवशी पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि फसगत तिथेच होते. रोपवाटिकेत गवताची लादी कापताना पात्यासोबत जेमतेम इंचभर माती येते; मुळांचा मोठा भाग मागे शेतातच राहतो. वरची पाती मात्र तेवढीच असतात आणि उन्हात पाणी सोडत राहतात. खर्च चालू आणि मिळकत बंद, अशी ही अवस्था असते. खालच्या जमिनीत नवी मुळे उतरायला तीन-चार आठवडे लागतात. तोवरची सारी निगा ही पात्यांची नव्हे, मुळांची असते.

पनवेल तालुक्यातल्या आपट्यासारख्या गावी मुळांची पहिली अडचण जमिनीतच आहे. पाताळगंगेच्या काठच्या या पट्ट्यात आज ज्या जागेवर बंगले आणि फार्म हाऊस दिसतात, तिथे बऱ्याच ठिकाणी पूर्वी भाताची खाचरे होती. वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या अशा जमिनीत खाली एक घट्ट थर बसतो. भाताला तो हवाच असतो, कारण त्याच्यामुळे पाणी साचून राहते. गवताची मुळे मात्र त्याच साचलेल्या पाण्यात कुजतात. त्यावर घर बांधताना मुरमाचा भराव पडतो, विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळे गाडली जातात. मग बोटभर लाल माती पसरून लाद्या अंथरल्या, की पंधरा दिवस सगळे छान दिसते आणि नंतर पिवळे पट्टे उमटू लागतात. त्यामुळे निदान नऊ इंच खणून तो थर फोडणे, राडारोडा वेचून काढणे आणि चांगले कुजलेले शेणखत व थोडी जाड वाळू मिसळणे हे काम लाद्यांचा टेम्पो दारात येण्याआधीच उरकावे लागते. कच्चे शेणखत घातले तर त्यातून हुमणी आणि तणांचे बी फुकट मिळते. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, शंभर फुटांना एक ते दीड फूट, एवढा पुरतो.

दुसरी अडचण पावसाची. पनवेल परिसरात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यात लावले की पाणी घालायला नको, हा हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण जुलैच्या झडीत न रुजलेल्या लाद्यांखालची माती वाहून जाते आणि सांध्यांना खाचा पडतात. मे महिन्यात लावावे, तर विहिरी आणि बोअरवेल तळाला गेलेल्या असतात. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरू लागला की जमिनीला वाफसा येतो, मुळांपुरती ऊब असते आणि थंडीने वाढ मंदावण्याआधी दोन महिने हाताशी राहतात. या भागाला तोच काळ उत्तम. ऑक्टोबरचे ऊन तेवढे सांभाळावे लागते.

लाद्या आल्या त्याच दिवशी बसवाव्यात. गुंडाळून ठेवलेले गवत आतून तापते आणि एका रात्रीत पिवळे पडू लागते. विटांच्या बांधकामात जसे सांधे चुकवतात, तसे इथेही चुकवावे लागतात. लाद्या एकमेकींना भिडवून, सांध्यांत बारीक माती भरून वरून हलका रूळ फिरवला की खालची पोकळी जाते. पोकळीवर बसलेली लादी कितीही पाणी पाजले तरी सुकते.

पाणी हाच यातला कळीचा भाग आहे. पहिले दहा-बारा दिवस सकाळी आणि उन्हे कलल्यावर, असे दोनदा पाणी द्यावे. पाइपाला बारीक फवाऱ्याचे तोंड असावे. जोराच्या धारेने सांधे उघडे पडतात. वरची पाने ओली दिसणे आणि खालची माती भिजणे यांत फार अंतर असते. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. कोरड्या दिवसांत गवताला रोज पाच मिलिमीटर धरले, तर हजार चौरस फुटांना दररोज साडेचारशे लिटरहून जास्त पाणी लागते. लॉन केवढे करायचे हे या आकड्यावरून ठरवावे, बागेच्या नकाशावरून नव्हे. नदीच्या खालच्या अंगाला, खारपाड्याच्या बाजूला खाडीचा प्रभाव सुरू होतो. तिथल्या मचूळ पाण्यावर पास्पलम जातीचे गवत टिकते.

पाणी पुरते की नाही हे कळण्याची खूण सोपी आहे. लादीचा एक कोपरा अलगद उचलून पाहावा. पहिल्या आठवड्यात तो पापुद्र्यासारखा वर येतो आणि खाली मुळांची तुटकी टोके दिसतात. दहाव्या-बाराव्या दिवशी पांढरी, सुतासारखी नवी मुळे खालच्या मातीत शिरलेली दिसू लागतात. कोपरा ओढूनही येईनासा झाला, की पाण्याचा क्रम बदलायचा: रोज थोडे देण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी भरपूर. वरवर पाणी मिळत राहिले तर मुळे वरच राहतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात गवत करपते. कोपरा असा घट्ट धरेपर्यंत लॉनवर खुर्च्या मांडणे, मुलांचे क्रिकेट, पाहुण्यांची वर्दळ हे सगळे बंद. घरातल्या कुत्र्याला ही सूचना समजत नाही, म्हणून दोरी बांधलेली बरी.

गवत दोन-अडीच इंच वाढले आणि पक्के रुजले, की पहिली कापणी. पाते धारदार हवे आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. खत महिन्याने. हजार चौरस फुटांना अर्धा किलो युरिया पुरतो. तो कोरड्या पानांवर टाकून लगेच भरपूर पाणी द्यावे, नाहीतर पाने जळतात.

लादीबरोबर लव्हाळा येतोच. तो ओढला की पाते हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. खुरप्याने गाठीसकट काढणे हाच उपाय. तणनाशक कोवळ्या गवताला सोसत नाही. गवताची पाने कुरतडलेली दिसली आणि बगळे लॉनवर रेंगाळू लागले, तर लष्करी अळीचा संशय घ्यावा. बादलीभर पाण्यात चमचाभर साबण कालवून संशयित जागेवर ओतला की अळ्या वर येतात. हुमणी मुळे खाते, त्यामुळे रुजलेली लादीही पुन्हा चटईसारखी उचलली जाते.

आंब्या-फणसाखालच्या दाट सावलीत हरळीच्या कुळातले सिलेक्शन वन किंवा कोरियन, कोणतेही गवत धरत नाही. तिथे रुंद पानांचे बफेलो गवत लावावे, नाहीतर ती जागा सरळ पालापाचोळ्याला सोडावी. पहिल्या पावसाळ्यात पाणी साचते त्या जागी हिरवट शेवाळ धरते. ते खरवडून तिथे काट्याने भोके पाडावीत. पाऊस सरल्यावर चाळलेली माती, वाळू आणि शेणखत यांचे मिश्रण अर्धा इंच पसरले की खळगे बुजतात आणि लाद्यांचे सांधे दिसेनासे होतात.