मंजम्मा जोगती: कलावंताची ओळख आणि कलेची नीती



सौंदत्तीच्या डोंगराचे नाव कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या माणसांना मी नव्याने सांगायला नको. मार्गशीर्षी पौर्णिमेला तिकडे निघालेली माणसे, भंडाऱ्याने पिवळी झालेली कपाळे, चौंडक्याचा घुमणारा आवाज आणि डोक्यावर देवीचा जग घेऊन पुढे चालणारी जोगतीण, हे सारे आपण पाहिलेले आहे. त्याच मेळ्यात लुगडे नेसलेले, हातात काकणे ल्यालेले जोगतेही असतात. त्यांना आपल्या गावात काय म्हणतात आणि कोणत्या सुरात म्हणतात, तेही आपल्याला ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते याच परंपरेत वाढलेल्या एका कलावंताविषयी. त्या आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या. नाव मंजम्मा जोगती.

पहिल्याच वाक्यात मी 'त्या' म्हटले, ते चुकून नव्हे. बळ्ळारी जिल्ह्यातल्या कल्लुकंब गावी त्या मुलगा म्हणून जन्मल्या. घरचे नाव मंजुनाथ. पण मोठेपणी त्यांनी स्वतःला स्त्री म्हणून ओळखले आणि जगालाही तेच सांगितले. दारी आलेल्या पाहुण्याला आपण नाव विचारतो आणि तो सांगेल त्या नावाने हाक मारतो. 'तुमचे नाव असे नाहीच,' असे काही आपण त्याला म्हणत नाही. तोच शिष्टाचार इथेही पाळायचा. याहून अवघड असे त्यात काही नाही.

पंधरा-सोळा वर्षांचे वय. मुलींत रमायचे, नाचायचे, मुलींसारखे वागायचे. घरच्यांना कोडे पडले. शेवटी त्यांनी होसपेटजवळच्या हुलिगेम्मा देवीच्या देवळात नेऊन मुलाला जोगप्पा केले. कमरेचा करदोडा तोडला, हातात बांगड्या भरल्या, स्त्रीची वस्त्रे दिली. आता पाहा, देवीच्या दारात हा विधी घरच्यांनीच केला. पण त्यानंतर त्याच घरात या लेकराला जागा राहिली नाही. धर्माने दिलेली मान्यता उंबऱ्याच्या आत पोचली नाही. मंजम्मांनी विष घेतले. त्या वाचल्या, आणि मग घर सोडून बाहेर पडल्या. लुगडे नेसून भीक मागण्याचे दिवस आले. त्या काळात त्यांच्यावर अत्याचारही झाले. ते त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. मी त्याचा विस्तार करीत नाही.

मला पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दावणगेरेच्या बसस्टँडवर त्यांना एक बापलेक भेटले. बाप गायचा आणि मुलगा डोक्यावर घागर तोलून नाचायचा. भीक मागणारे हात तिथे थबकले. हेच आपल्याला करायचे आहे, हे त्या क्षणी त्यांना उमगले असावे. त्यांनी त्यांच्याकडून ते शिकायला सुरुवात केली. पुढे काळव्वा जोगती या नामांकित जोगतिणीच्या मेळ्यात त्या दाखल झाल्या. देवीची गाणी, एल्लम्माच्या कथेचे नाट्य, घागर तोलण्याची कसरत हे सारे तिथे त्यांच्या अंगी मुरले. काळव्वांच्या मागे मेळ्याची जबाबदारी त्यांनीच उचलली.

ही कला सोपी आहे असा कुणाचा समज असेल तर त्याने एकदा भरलेली कळशी डोक्यावर घेऊन, हात न लावता, नुसती अंगणात एक फेरी मारून पाहावी. आमच्या बायाबापड्या विहिरीवरून पाणी आणीत, त्यांना हे कळेल. इथे तर त्याच स्थितीत गिरकी घ्यायची, बसायचे, जमिनीवर ठेवलेली वस्तू उचलायची, तोंडाने गाणे चालू ठेवायचे आणि ताल सोडायचा नाही. मान स्थिर आणि बाकीचे सारे अंग हलते, अशी ही विद्या आहे. तिला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. ही मेहनत दिसली म्हणजे नाचणारा पुरुष की स्त्री, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनातून काही वेळ तरी निघून जातो. निदान जायला हवा.

मंजम्मांना पुढे मान मिळाला. २०१० साली कर्नाटक शासनाचा राज्योत्सव पुरस्कार. २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीचे, म्हणजे लोककलांच्या सरकारी अकादमीचे, अध्यक्षपद. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती. २०२१ साली पद्मश्री. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात पदक घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी आधी आपल्या पदराने राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची दृष्ट काढली, आणि मग पदक घेतले. ते चलच्चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काहींना त्याची गंमत वाटली. मला वाटते, त्यात मोठा अर्थ होता. देवीचा जोगता गावात काय करतो? घरोघर जाऊन लोकांची इडापिडा टाळतो आणि त्याबद्दल पसाभर जोंधळे घेतो. मंजम्मांनी राष्ट्रपतींच्या दारातही आपले कामच केले. आपली ओळख बाहेर ठेवून त्या आत गेल्या नाहीत.

आता कलेच्या नीतीचा प्रश्न. माझ्या वर्गात हा विषय निघाला म्हणजे एक शंका हमखास येते. ज्या चालीरीतीने मुलांना देवाला सोडले त्याच चालीरीतीतून आलेल्या कलेचे कौतुक करावे कसे? शंका रास्त आहे. कर्नाटकात देवदासी सोडण्याविरुद्ध १९८२ साली कायदा झाला, महाराष्ट्रात २००५ साली झाला. असे कायदे करावे लागले, कारण देवीच्या नावावर कोवळ्या पोरींची आयुष्ये विकली जात होती. ते दुःख गाण्याच्या गोडव्याने झाकता येणार नाही आणि झाकूही नये. परंतु म्हणून चौंडके फोडून टाकावे काय? जोगते आणि जोगतिणी यांना समाजाने दिले ते दारिद्र्य आणि हेटाळणी; कला मात्र त्यांनी स्वतः कमावली. जुलूम परंपरेचा असेल, पण गाणे गाणाऱ्याचे आहे. जुलूम थांबवताना गाणेही काढून घेतले, तर त्या माणसांचे आपण दुसऱ्यांदा लुटले असे होईल.

दुसरी गोष्ट नावाची. शहरातली मंडळी ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन खेड्यात येतात, म्हाताऱ्या जोगतिणीकडून चार गाणी म्हणवून घेतात, आणि पुढे पुस्तकात किंवा तबकडीवर छापून येते, 'पारंपरिक'. गाणे पारंपरिक असेल, पण ते ज्या गळ्यातून आपल्यापर्यंत आले तो गळा पारंपरिक नव्हता. त्याला नाव होते, गाव होते. लोकगीत म्हणजे बेवारशी माल नव्हे. शिक्षक बंधुभगिनींना मी विशेष करून सांगेन, की मुलांकडून ओव्या-गाणी गोळा करवून घ्याल तेव्हा गाण्याखाली सांगणाऱ्याचे नाव लिहायला लावा. त्याआधी त्याला विचारून घ्यायलाही शिकवा. 'आजी, हे लिहून घेऊ का?' एवढे चार शब्द पुरतात. या बाबतीत एक चांगले उदाहरण आपल्याच भाषेत आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन २०१२ साली निघाले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले आणि तसे ते नोंदलेले आहे. बोलणारी कोण आणि लिहिणारी कोण, हे वाचकाला स्वच्छ कळते. दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या कवयित्री तर मराठीत स्वतःच लिहीत आहेत. 'कुरूप' हे त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव आहे. तिथे मध्यस्थाची गरजच उरली नाही.

तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे. दुसऱ्याचे सोंग आणावे की नाही? आपली रंगभूमी तर सोंगावरच उभी राहिली. बालगंधर्वांच्या शालूकडे पाहून घरंदाज बायका शालू नेसायला शिकल्या, असे जुनी माणसे सांगत. मराठी चित्रपटात गणपत पाटलांनी नाच्या असा काही उभा केला, की लोक त्या संसारी गृहस्थालाच तसे समजू लागले. 'जोगवा' चित्रपटातल्या जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. नटाने परकाया प्रवेश करावा, हाच त्याचा धंदा. मला त्यात गैर काही दिसत नाही. पण सोंग घेताना ज्याचे सोंग घेतो तो प्रेक्षकांत बसला आहे, असे समजून ते घ्यावे. शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एका पोराला लुगडे गुंडाळतात, तो टाळ्या पिटतो, सभागृह हसून लोटपोट होते. मागच्या रांगेत एखादा मुलगा असा असतो, की जो हसत नाही. तो खाली मान घालतो, आणि आपले मन कुणाला सांगायचे नाही हे त्या दिवशी पक्के करून घरी जातो. एवढी किंमत देऊन मिळवलेला विनोद मला तरी महाग वाटतो. शिवाय जोगत्याचे काम करायला खरा जोगता तयार असेल, अंगी कसब असेल, तर त्याला आधी विचारायला काय हरकत आहे? त्याला बाहेर उभे करून त्याचे दुःख दुसऱ्याने रंगवायचे, हा व्यवहार काही सरळ नाही.

मात्र कुणी याचा असा अर्थ घेऊ नये, की तृतीयपंथी आहे म्हणून कला चांगली म्हणा. दया आणि दाद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तामिळनाडूतल्या नर्तकी नटराज यांचे पाहा. तंजावरच्या नामवंत नृत्यपरंपरेतले किट्टप्पा पिळ्ळै यांच्याजवळ राहून वर्षानुवर्षे त्या भरतनाट्यम् शिकल्या. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती त्या नृत्याबद्दल. अभिनयात कमी पडल्या असत्या तर तसे म्हणण्याचा रसिकाला पूर्ण अधिकार होता. कलावंताला त्याच्या नावाने ओळखा आणि त्याची कला कलेच्या मापाने मोजा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी ही स्वतंत्र ओळख मानली. पण न्यायालय काही वर्गात येऊन हजेरी घेत नाही. हजेरी गुरुजी घेतात, बाई घेतात. एखादा मुलगा मुलींच्या फुगडीत रमतो, रांगोळी सुरेख काढतो, त्याची बोटे मातीत चांगली चालतात. पोरे त्याला चिडवतात. अशा वेळी गुरुजी पोरांबरोबर हसले, की त्याची शाळा तिथेच सुटते. गुरुजींनी जवळ बोलावून 'रांगोळी छान झाली, उद्या फळ्यावर कडेची नक्षी तूच काढ' असे म्हटले तर? त्या मुलाचे पुढे काय होईल, तो कोण म्हणून जगेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि ते ठरवण्याची घाईही नको. तो उद्या शाळेत येईल, हे मात्र नक्की.