पासपोर्ट कुणाच्या खिशात?

आष्टीत बसून दुबई-रियाधच्या नोकरीबद्दल बोलायचं, तर आधी कोयत्याबद्दल बोलावं लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातली माणसं मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. म्हणून त्यांची कारखान्यावर निष्ठा आहे, असं कुणी म्हणेल का?

आखातात ‘कफाला’ पद्धतीनं हेच केलं. व्हिसा मालकाच्या हाती, पासपोर्टही बऱ्याचदा त्याच्याच कपाटात. माणूस दहा वर्षं टिकला, तर तो समाधानी होता की अडकलेला, हे कळणार कसं? कतारनं २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली. मार्च २०२१ मध्ये सौदीनंही काही अटींवर ती वाट मोकळी केली. घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर मात्र वगळले. म्हणजे ज्यांना गरज जास्त, तेच बाहेर!

आम्ही इंजिनिअरही फार वेगळे नाही. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरच्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस.

परदेशात माणूस मनानं टिकतो तो साध्या गोष्टींवर: ठरल्या तारखेला पगार, घरी मयत झाली तर त्याच दिवशी रजा, चूक दाखवली तर ऐकून घेणारा साहेब. पगाराचा आकडा सगळेच विचारतात. तुम्ही सही करण्याआधी हेही विचारा: पासपोर्ट माझ्याजवळ राहील का? रजेचं तिकीट कुणाचं? आणि सोडायचं ठरवलं, तर किती दिवसांची नोटीस?