पहिला पगार हाती आलेल्या मुलींस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या भिशीची वही मी बरीच वर्षे लिहीत आले आहे. तेवढ्या अधिकारावर विशी-पंचविशीतल्या कमावत्या मुलींशी चार शब्द बोलते.

महिनाअखेर उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणू नका. उरत काहीच नाही. पगार येताच आधी बाजूला काढावे, मग खर्चाला हात घालावा. पंचविसाव्या वर्षापासून दरमहा १,००० रुपये टाकले आणि वर्षाला ७ टक्के व्याज मिळत राहिले, तर पंचावन्नाव्या वर्षी सुमारे १२ लाख होतात. तेच पस्तिसाव्या वर्षी सुरू केले, तर सुमारे ५ लाख. भरणा कमी झाला तो १ लाख २० हजारांचाच. बाकीचे चक्रवाढीची दहा वर्षे हुकली म्हणून गेले.

दुसरी गोष्ट सहीची. आमच्याच आळीतल्या एका मुलीने नात्यातल्या माणसाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. ‘नुसती सही तर हवी,’ असे तिला सांगितले होते. त्याने हप्ते थकविले आणि नोटीस हिच्या दारी आली. लग्नासाठी साठविलेले पैसे त्यात गेले, बोलणे तुटले ते वेगळेच. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून मुलींनो, नात्याला जागायचे तर झेपेल तेवढे पैसे हातावर ठेवा. बुडाले तर तेवढेच बुडतील. सही केलीत, तर सबंध कर्ज आपले होते. नाही म्हणायला जड जाते, हे मी जाणते. पण नोटीस आल्यावर रडणे त्याहून जड.

आयांनाही एक विनंती आहे. लेकीचा पगार घरात जरूर घ्या, परंतु त्यातला काही भाग तिच्याच नावावर राहू द्या. सासरी जाताना तिच्याजवळ दागिन्यांबरोबर स्वतःचे पासबुकही असावे.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी प्रत्येकीस हिशेबाची एक वही द्यावी, असे मी मंडळाला सुचविते. पहिल्या पानावर पहिली ओळ शिलकेची लिहावी, खर्चाची मागाहून.