बालकर्करोग आणि घरची परिस्थिती



बहुतांश बालकर्करोगांचे कारण अद्याप अज्ञात आहे. त्यात आईवडिलांचा दोष नसतो. मूल बरे होणे मात्र घरच्या परिस्थितीशी बांधलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. महात्मा फुले योजनेमुळे उपचारांचा भार हलका होतो. परंतु पाथरीहून संभाजीनगर वा मुंबईचा प्रवास, तेथील मुक्काम आणि बुडालेली मजुरी उरतेच. ऊसतोड कुटुंबाचे उपचार येथेच अर्धवट सुटतात. म्हणून आपल्या देणगीचा काही भाग आम्हांस प्रवासखर्चासाठी राखू द्यावा, ही नम्र विनंती.