खाटेवरून उठवणारा उपचार





मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आमच्या घरात आलं ते पुतणीच्या आजारपणात. आधी एका डोळ्याला धूसर दिसू लागलं, मग पाय जड झाले. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते, हे आम्हाला उशिरा कळलं. पाटाचं अस्तर फुटलं की पाणी वाटेतच मुरतं, शेवटच्या वावराला मिळत नाही. मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही तो तसाच. "तिला पडून राहू द्या," असं सांगितलं गेलं आणि आम्ही मायेपोटी ते पाळलं. आजाराने नेलं त्याहून जास्त बळ खाटेने नेलं.

पडून राहण्याच्या या सल्ल्यामागे भीती होती ती अंग तापण्याची. श्रमानंतर या रुग्णांची नजर काही वेळ मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवलं. अंग तापलं की आवरण गेलेल्या तंतूतून संदेश अडखळतो, निवलं की पूर्ववत होतो. ही नवी इजा नव्हे. तरी कित्येक दशकं व्यायाम वर्ज्यच राहिला. 1996 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पेटाजान आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या सायकलीवर व्यायाम दिला. ताकद वाढली, दम टिकू लागला. पुढच्या अभ्यासांतही चाल सुधारली, थकवा कमी झाला, आजार उसळण्याचा धोका वाढला नाही.

व्यायामाने मायलिन पुन्हा चढल्याची चिन्हं उंदरांत दिसली आहेत. माणसात ते सिद्ध झालेलं नाही. खोटी आशा कुणाला देऊ नये, औषधंही सोडू नयेत.

आता पुतणी पहाटे, ऊन चढायच्या आत, मानेवर ओला पंचा टाकून ओसरीच्या खांबाला धरून उठबस करते. दहा वेळा. थांबते, घोटभर पाणी पिते, पुन्हा पाच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला. खेड्यात व्यायाम शिकवणारं माणूस मात्र सहजी मिळत नाही. म्हणून डॉक्टरसाहेब, हात जोडून विनंती आहे: चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली व्यायामही लिहा. कोणता, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी.