भ्रमणध्वनीवरून मतदान : सोय आणि विश्वास



लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. विजयी उमेदवारास ४,५२,६४४, तर निकटच्या प्रतिस्पर्ध्यास ४,५२,५९६ मते मिळाली. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव या उपनगरांतील एका चाळीचे मतदारही तो निकाल फिरवू शकले असते. म्हणूनच मतदानाची नवी पद्धत सोयीची आहे एवढ्याने भागत नाही. पराभूत उमेदवारासही ती विश्वासार्ह वाटली पाहिजे.

या मतमोजणीनंतर गोरेगावच्या मोजणी केंद्रातील एका भ्रमणध्वनीवरून वाद उद्भवला. त्यावर आलेल्या ओटीपीने मतदानयंत्र उघडले गेले, अशी वार्ता पसरली. हे यंत्र बाहेरच्या कोणत्याही यंत्रणेशी जोडलेले नसते व ते उघडण्यास ओटीपी लागत नाही, असा खुलासा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी १६ जून २०२४ रोजी केला. भ्रमणध्वनीवरूनच मतदान झाले असते, तर इतके सरळ उत्तर देता आले नसते; कारण जोडलेले असणे हाच त्या साधनाचा धर्म होय.

तथापि, ही कल्पना त्याज्य ठरत नाही. बिहारमध्ये २८ जून २०२५ रोजी नगरपालिकांच्या निवडणुकीत वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया व स्थलांतरित यांना भ्रमणध्वनीवरून मत देण्याची मुभा मिळाली. देशातील हा पहिलाच प्रयोग होता. मतदाराची ओळख त्याचा चेहरा जुळवून पटविली गेली. पोटासाठी घाटकोपर वा बोरिवलीस आलेल्या श्रमिकाला एका मतासाठी गावी जाण्याचा खर्च झेपत नाही, हे ध्यानी घेतल्यास या प्रयोगाचे मोल कळते. मुलुंडमधील अंथरुणास खिळलेल्या वृद्धासाठी मात्र दुसराही मार्ग आहे. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरील व ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरीच मतपत्रिका देण्याची सोय होती.

खरी अडचण आहे ती गुप्ततेची. मतदान केंद्रातील पुठ्ठ्याचा आडोसा दिसायला क्षुल्लक. पण त्यामागे सुनेवर सासऱ्याची आणि मजुरावर मुकादमाची नजर नसते. एकाच खोलीत सहा माणसे राहतात, तेथे हा आडोसा कोण उभारणार? एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटद्वारे मतदान होते. तेथे मुदतीत पुन्हा मत देता येते व शेवटचे मत ग्राह्य धरतात. त्यामुळे दडपणाखाली दिलेले मत बदलता येते. मतदानयंत्रास जोडलेल्या व्हीव्हीपॅटमधील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मागाहून मोजता येते. भ्रमणध्वनीवरील मताचाही असा पडताळा घेता आला पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या प्रभागात एक-दोन मतांनीही निकाल लागतो, हे पंचायत सदस्यांस सांगावयास नको. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या कक्षेत येतात. तेव्हा असा प्रयोग केंद्रापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांपुरता, स्वेच्छेने आणि सर्व पक्षांसमोर चाचणी घेऊनच व्हावा. मतदान केंद्र मात्र कायम राहावे. मतदाराचे श्रम वाचावेत हे योग्यच. परंतु त्या बदल्यात त्याचा एकांत हिरावला जाऊ नये.