स्वादुपिंडाचा तीव्र दाह

जामनेरसारख्या गावी रात्री कोणाच्या वरच्या पोटात एकाएकी असह्य कळ उठून ती पाठीत जाऊ लागली व ओकाऱ्या थांबेनाशा झाल्या, म्हणजे घरात ‘पित्त झाले’ असे म्हणून सोडा देण्यात येतो. परंतु कित्येकदा तो जठरामागील स्वादुपिंडाचा दाह असतो. या ग्रंथीचे पाचक रस आतड्यात पोचण्यापूर्वीच जागृत होऊन ग्रंथीलाच पचवू लागतात. पित्ताशयातील खडे व मद्य ही याची दोन प्रमुख कारणे होत.

जगात दर लक्ष लोकांत वर्षाला सुमारे ३४ जणांस हा विकार जडतो. पाचांपैकी चार रोगी बहुधा आठवड्याभरात घरी परततात; पाचव्यास मात्र इस्पितळातील खाट कित्येक आठवडे लागते, व तितके दिवस ती दुसऱ्या रोग्यास मिळत नाही. शिरेतून द्रव देण्याच्या दृष्टीने पहिले चोवीस तास फार मोलाचे. जळगावी २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; जामनेरहून तेथवरची वाट तास-दीड तासाची. खरा वेळ दवडला जातो तो घरीच, उजाडण्याची वाट पाहण्यात.